शहरबानूच्या नावाचा शिक्का

मित्रांनो, आखातात राजे आहेत, तेल आहे. पण कारभार चालतो तो माझ्यासारख्यांच्या जोरावर. मी एक जुना रबरी शिक्का आहे. उभ्या हयातीत मी एकूण बारा पावत्यांवर उमटलो आणि त्यांतली एकही कुठे पोहोचली नाही.

माझा जन्म १९९८ साली शारजातल्या रोल्ला बाजारात, मुनीरच्या दुकानात, पंचवीस दिरहमांत झाला. मुनीरने धंद्याचे लायसन मागायला हवे होते. त्याने शाई निळी की जांभळी, एवढेच विचारले.

मला करवून घेणारे सदानंद दुबईच्या देरा भागातल्या एका अमेरिकन कंपनीत शिपिंगची कागदपत्रे पाहत. पत्नी छाया दवाखान्यात रिसेप्शनला. तीन वर्षांची शुभ्रा दिवसभर समोरच्या फ्लॅटमधल्या शहरबानूकडे असे. ही हैदराबादची बाई तिला खिचडी भरवी, दुपारी थोपटून निजवी, आणि छाया निर्धास्त मनाने कामावर जाई. सगळे बरे चालले होते. मग हेड ऑफिसहून सर्क्युलर आले: नोकरीसाठी मूल पैसे देऊन सांभाळायला ठेवणाऱ्यांना करात सूट मिळेल, सांभाळणाऱ्याचे नाव, पत्ता आणि नंबर जोडावा.

"चारशे ऐंशी डॉलर! साडेसतराशे दिरहम. म्हणजे वीस हजार रुपये!" सदानंद म्हणाले.

त्यांनी वर्षभराच्या बारा पावत्या एका बैठकीत लिहिल्या आणि प्रत्येकीवर मला दाबले: 'शहरबानू चाइल्ड केअर सेंटर, शारजा'. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस.

सहीसाठी पावत्या समोर गेल्या, तेव्हा शहरबानूचे कणकेचे हात परातीतच राहिले.

"ये ठप्पा मेरे नाम का? भाईसाब, मेरा वीजा शौहर का है. काम करने की इजाजत नै. कोई पूछा तो सीधा एअरपोर्ट!"

"अहो, हे अमेरिकेला जाणार. इधर कौन देखेगा?"

"खलास. कल से बच्ची को नक्को भेजो."

छायाला दवाखान्याने तीन दिवसांची रजा दिली. चौथ्या दिवशी आली नाहीस तर येऊच नकोस, अशा प्रेमळ बोलीवर. शुभ्रा समोरच्या दारावर थापा मारी. "आंटी, ओपन! यल्ला, जल्दी!" दारामागे बांगड्या तेवढ्या वाजत.

तिसऱ्या संध्याकाळी छाया शांतपणे म्हणाली, "माझी नोकरी घालवलीत, पोरीची आंटी घालवलीत. आता ते वीस हजार घ्या आणि तुम्हीच बसा घरी."

सदानंदांनी बाराच्या बारा पावत्या फाडल्या. मला मुठीत धरून समोरची बेल वाजवली.

"ये आप रखो. फॉर्म कहीं नहीं जाएगा."

शहरबानूने मला उलटसुलट करून पाहिले. "आजिच तोड डालती मैं इसकू," ती म्हणाली, तोवर शुभ्रा सदानंदांच्या पायांमधून आत घुसली होती.

मी तुटलो नाही. शुभ्राने मला भिंतीवर, उशीवर, शहरबानूच्या कोपरावर उमटवले. इतके कौतुक कुठल्या सरकारी शिक्क्याच्याही वाट्याला आले नसेल. पुढे ती शाळेत गेली, माझी शाई वाळली, आणि मी शहरबानूच्या शिवणाच्या डब्यात बटणांच्या सोबतीला पडलो. आज रबराला भेगा पडल्या आहेत.

मित्रांनो, एकच विनंती. शिक्का वापरून झाला की पुसून ठेवावा. आणि ज्याचे नाव त्यावर कोरायचे, त्याला आधी विचारावे.

सदानंद मात्र आठवडाभर वीस हजारांवर पाणी सोडल्याचा त्यागी चेहरा घेऊन हिंडत होते. मग ऑफिसातल्या अनुराधाबाईंनी त्यांना समजावले, हे छायानेच चहा पिताना शहरबानूला सांगितले. ते सर्क्युलर अमेरिकेत कर भरणाऱ्यांसाठी होते. अमिरातीत पगारावर कर नव्हता. सदानंद तिकडे गेले होते तेच मुळी त्यासाठी.