साहेबांच्या खिडकीखालची माती

साहेब, माझ्या काकूची माती तुम्ही भाजलीत. आणि वर तिलाच नोटीस धाडलीत, की माती-तपासणीची खोटी पत्रिका दाखवून खत उचललं, पोतं तीन दिवसांत परत करा. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. काकूला लिहिता येत नाही आणि मला शाळेनं चौथीतच हाकललं, पण उत्तर आम्ही देणार. मुळापासून ऐका.

काकूचं आणि माझं रान एकच, मधे फक्त बांध. गेल्या हंगामात पिकाची पानं जांभळी पडली, कणसं करंगळीएवढी. स्फुरद कमी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तुमच्या पत्रिकेवर तसं लिहून आल्याशिवाय भांडारातून खताचं पोतं मिळत नाही. म्हणून तपासणीसाठी माती काढायला गेलो. चिखल असा, की पाय निघायचा आणि चप्पल खालीच राहायची. मी मुलखाचा आळशी. बांधाच्या दोन्ही अंगांची माती एका घमेल्यात कालवली आणि दोन पिशव्यांत अर्धी अर्धी भरली. एक काकूच्या नावाची, एक माझ्या.

पत्रिका आल्या. माझी : माती ठीक, स्फुरद कमी, खत द्यावे. काकूची : माती आंबट, स्फुरद भरपूर, खत नको, चुना टाका.

"एकाच घमेल्यातली ना रे?" काकूनं विचारलं.

"एकाच."

"मग माझं नाव लागल्याबरोबर नासली होय? ऊठ, चल."

तुमच्या कचेरीत शिपाईमामा ओल्या मातीचे ट्रे मांडत होते. वरची फळी विजेच्या शेगडीला चिकटलेली, खालची खिडकीपाशी.

"वरचे ट्रे दुपारपर्यंत खडखडीत," मामा अभिमानानं म्हणाले. "खालचे चार दिवस खातात. सावलीत वाळवा म्हणून कागद आलाय, पण साहेबांना घाई. कुणी घरूनच वाळवून आणली तर थेट चाळणीत."

"माझी कुठं होती?"

मामांनी वही चाळली. "वर, शेगडीला लागून. ह्याची खिडकीत."

काकू तुमच्या टेबलापुढं उभी राहिली. "साहेब, शेगडीनं माती आंबट होते का हो?"

तुम्ही मानही वर केली नाहीत. "आजी, माती म्हणजे काय वांगं आहे, भाजलं की चव बदलायला? आधी नमुना घ्यायला शिका."

नाचता येईना, म्हणे अंगण वाकडं!

बाहेर पडल्यावर काकू तुमच्या खिडकीखाली चपलेचा चिखल झटकायला वाकली. बराच वेळ वाकली. सरळ झाली तेव्हा पिशवीत तुमच्या फुलझाडांची माती होती.

घरी अर्धी माती तिनं बाजेखाली कागदावर पसरली. अर्धी तव्यावर टाकून उलथन्यानं चांगली परतली.

"काकू, मीठ घालू का?"

"तुझ्या तोंडात घाल. तवा धर."

आठवड्यानं दोन्ही पिशव्या तिच्याच नावानं कचेरीत गेल्या. एकीवर लिहिलं परस, पूर्वेकडचं. दुसरीवर परस, पश्चिमेकडचं. वाळलेली माती, थेट चाळणीत.

पत्रिका आल्या. तव्यावरची : आंबट, स्फुरद भरपूर. बाजेखालची : ठीक, स्फुरद कमी, एक पोते द्यावे. दोन्हींखाली तुमची झोकदार सही.

काकूनं आधी पोतं उचललं, मग तुमच्याकडं आली. आधी सांगायला ती काही खुळी नाही. दोन्ही पत्रिका टेबलावर ठेवून म्हणाली, "साहेब, ही तुमच्या खिडकीखालची माती. फुलांना आता चुना घालता की खत?"

तुम्ही खुर्चीतून उठलात. "ही शुद्ध फसवणूक आहे!"

"तेच म्हणते मी," काकू म्हणाली. "पण कुणी केली?"

मामांना तेवढ्यात खोकला लागला. ते बाहेर जाईपर्यंत तो थांबला नाही.

आणि दोन दिवसांनी ही नोटीस.

तर साहेब, पेरणी सहा दिवसांवर आहे. पोतं बाजेखाली आहे, बाजेवर काकू बसली आहे, आणि तिला उठवायची हिंमत आमच्या घराण्यात अजून कुणाला झालेली नाही. पोतं तिच्या रानातच जाणार. तुम्ही म्हणता पत्रिका खोटी. माती एक, जागा तुमची, सही तुमची, आणि पत्रिका दोन. ह्यातली खोटी कोणती? सहीनिशी लिहून कळवा.