तो आवाज माझा नव्हे

मी एक निळा पत्र्याचा डबा बोलतोय. पानाच्या डब्याएवढाच असेन. माझ्या पाठीवर पिळायचे तीन कान आहेत आणि पायानं दाबायचं एक बटण. गिटारची वायर माझ्यातून पुढे स्पीकरला जाते. गिटार जे म्हणते ते मी पुन्हा म्हणतो, मग त्याहून हळू, मग आणखी हळू, विरून जाईपर्यंत. मला इको पेडल म्हणतात. स्वतःचं असं मी कधी काही बोलत नाही. आज बोलतोय.

माझा पहिला मालक एक परदेशी पाहुणा होता. समुद्रकाठच्या हरमल गावात शालिनीबायकडे खोली घेऊन राहिला आणि जाताना मला व गिटारला खाटेखाली ठेवून गेला. विसरला की मुद्दाम ठेवलं, कोण जाणे. शालिनीबायनं वर्षभर त्याची वाट पाहिली. मग तिच्या मुलीनं, अकरावीतल्या गौरवीनं, गिटार मांडीवर घेतली.

गौरवीचे वडील कृष्णनाथ देवळात भजन गातात. त्या घरात वाद्याला पाय लावत नाहीत. चुकून लागलाच तर हात लावून तो कपाळाला नेतात. मग मला पायानं कोण दाबणार? गौरवीनं मला पाटावर ठेवलं आणि शेजारी मांडी घालून बसली.

त्यातूनच तो आवाज सापडला. ती तार छेडायची. मी ती परत म्हणू लागलो की तोच हात माझ्या कानावर यायचा. कान हळूच पिळला की आवाज वाकायचा, ताणायचा, पाण्याखालून आल्यासारखा व्हायचा. भजनात बाबांची ओळ सभामंडपात घुमत असतानाच मागे बसलेले ती उचलतात, तसं तिला हवं होतं. पायाला हे कधीच जमलं नसतं.

तिचा मावसभाऊ देवेश डिचोलीचा. त्याचा ‘धुकें’ नावाचा बँड होता. गिटारींचा दाट धूर आणि त्यात बुडालेलं, अर्धवट ऐकू येणारं गाणं, असं त्यांचं संगीत. हे वाजवणारे मान खाली घालून पेडलांकडे बघत उभे असतात, म्हणून त्याला बूट बघणाऱ्यांचं संगीत म्हणतात, असं देवेश सांगायचा. खाण बंद झाल्यापासून रिकाम्या पडलेल्या ट्रकच्या शेडमध्ये ते सराव करत. गौरवी दर रविवारी गिटार पाठीला लावून आणि मला पिशवीत घालून बसनं तिथे जाऊ लागली.

“पाटार काय सत्यनारायण बसयलास गो?” ड्रम वाजवणारा महेश हसला.

“वाद्य आसा तें. पाय लावूक जायना,” ती खाली बघत म्हणाली.

मग तिनं वाजवलं. महेशच्या हातातल्या काठ्या तशाच राहिल्या. देवेशनं लगेच लॅपटॉप उघडला. “सरावाचें रेकॉर्डिंग गो. आमकांच आयकूक.”

पुढचे सगळे रविवार त्यानं रेकॉर्ड केले. पहिला अल्बम काढायचा होता आणि गौरवीला तेवढंच हवं होतं. मागे कुठेतरी बारीक अक्षरात आपलं नाव. घरी ती ते कोणाला बोलली नाही. मला पुसताना तेवढं पुटपुटायची.

पावसाळा संपला तेव्हा देवेश म्हणाला, “आता तुझी बारावी. रेकॉर्डिंग परीक्षेनंतर करूया. पेडल हांगाच ठेव, पिशवेत घालून कित्याक व्हरता आणि हाडता?”

“दादा, माझ्याबगर करचे नात मगे?”

“पिशी काय गो? तुझ्याबगर धुकें खंय?”

ती मला ठेवून गेली. त्यानंतर तिला एकही फोन गेला नाही. गेलं ते थेट अल्बमच्या प्रकाशनाचं आमंत्रण.

डिचोलीच्या हॉलात देवेश पांढरे बूट घालून उभा होता. मी त्या बुटांसमोर जमिनीवर होतो. गिटारची वायर माझ्यात खोचलेली होती, पण माझ्यातून पुढे कुठेच जात नव्हती. आवाज लॅपटॉपमधून येत होता. तो वाकणारा, ताणणारा आवाज. गौरवीच्या बांगड्या माझ्या पत्र्याला लागत, ती बारीक किणकिणसुद्धा त्यात होती. देवेश मान खाली घालून मला दाबत राहिला.

गौरवी वडिलांबरोबर पहिल्या रांगेत होती. मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत.

“गिटार, देवेश!” महेशनं माइकवर नावं सांगितली. “आणि पेडल वापरूक दिलो म्हणून आमची गौरवी. ताळयो मारा!”

टाळ्या झाल्या. नंतर ती पडद्यामागे आली.

“दादा, हें मी वाजयलां.”

“हळू उलय गो, लोक आसत.”

“माझी कांकणां वाजतत त्यात.”

“वाजूंदे. चाल खंय आसा? नुसतो आवाज. आणि तो ह्या पेडलाचो.” त्यानं बुटाच्या टोकानं मला दाखवलं. “पेडल तुजो, तें सांगलां मगे?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला लुटायला त्यानं माझंच नाव घेतलं होतं आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

“मगे ठेव त्याका,” ती म्हणाली. “त्याचो आवाज आसल्यार तोच वाजयतलो.”

ती निघून गेली. तिनं मला नेलं असतं तर!

आता दुसऱ्या अल्बमची तयारी चालली आहे. देवेश तार छेडतो, मला दाबतो. तो चुकतो. मी ती चूक पाच वेळा म्हणतो. काल महेश म्हणाला, “गौरवीक फोन कर रे.”

“कित्याक? पेडल आसा मगे.”

तासाभरानं त्यानं मला बुटानं भिंतीकडे सरकवलं आणि ओरडला, “ह्या डब्यात कायच ना रे!”

खरं त्याच्याच तोंडून आलं. महेशनं ऐकलं. कोणीतरी हरमलला जाऊन गौरवीला एवढं सांगा.