पितळ आटलं की बोट वाढलं

मित्रांनो, मी म्हणजे एक जुनी पितळेची टोपी. डोक्यावर मिरवायची नव्हे, बोटात घालायची. हाताने शिवताना सुईचं बूड बोटात घुसू नये म्हणून शिंपी लोक घालतात ती. दुकानात मला अंगुस्तान म्हणतात, पण एवढं मोठं नाव घ्यायला आमच्या घरात कुणाला सवड नाही. माझ्या अंगावर बारीक खळगे आहेत. सुई घसरू नये म्हणून ते मुद्दाम पाडलेले आहेत, तेव्हा कुणी हसायचं कारण नाही.

एका कारागिराने मला पत्र्यातून ठोकून काढलं आणि मी थेट एका सासूच्या बोटात आले. पुढे ती सासू गेली आणि मी तिच्या सुनेच्या वाट्याला आले. ती सून म्हणजेच आमची आजी. कोटांना काजं करावीत तर आजीनेच. मशीनचं काज दाखवलं तर ती असं तोंड फिरवते, जणू कुणी उष्टं ताट पुढे केलंय. बँडवाल्यांच्या लाल कोटांना पुढे बटणांच्या दोन दोन रांगा असतात. ते सगळे कोट आमच्याकडेच येत. लोक म्हणत, आजीच्या हाताला तोड नाही. त्या हातात मी होते हे कुणी म्हणत नसे. असो, मोठ्या घरात असं चालायचंच.

मग एक दिवस मी आजीच्या मधल्या बोटात शिरेना.

शेंड्यापाशीच अडले. आजीने ढकललं, फिरवलं, साबण लावला, तेव्हा कशीबशी आत गेले. चार दिवसांनी पुन्हा तेच. तुम्ही म्हणाल, बोट सुजलं असेल. पण आजीच्या मते आजीचं कधीच काही चुकत नाही, मग बोट तरी कसं चुकेल? तिने ठरवलं की पितळ आटलं. तेही आपोआप नाही, तर सासूने आटवलं. जिवंतपणी जाच केला आणि आता टोपीत बसून चिमटे काढतेय, असं तिने भिंतीवरच्या फोटोला तोंडावर सांगितलं. मित्रांनो, त्या सासूला मी जवळून ओळखत होते. तिला चिमटा काढायचा असता तर तिने टोपीची वाट पाहिली नसती.

आजीने मला भांडी ठोकणाऱ्याकडे नेलं. त्याने मला लोखंडी खुंटीवर चढवून रुंद केलं. या वयात असं रुंदावणं कुणाला आवडेल? आणि इतकं सोसूनही काही दिवसांनी मी परत अडायला लागले, कारण बोटाच्या शेंड्याजवळ आतल्या अंगाला एक टणक गाठ होती आणि ती हळूहळू वाढत होती. ती दुखत नव्हती, तिथेच सगळा घोळ झाला. दुखली असती तर आजीने घर डोक्यावर घेतलं असतं. गुपचूप बसणाऱ्याची आमच्याकडे कुणी दखल घेत नाही, मग ती गाठ असो की टोपी.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने बोट पाहिलं आणि हा घट्टा आहे म्हणाला, सुईकाम करणाऱ्यांना पडतोच. त्याने मलम दिलं. त्या मलमाने मी आतून चिकट झाले, गाठीला काही झालं नाही. पुढच्या खेपेला तो म्हणाला, इथेच कापून टाकू, आत्ताच्या आत्ता. आजी म्हणाली, बँडचे कोट झाल्याशिवाय मी बोटाला पट्टी बांधून घेणार नाही. आणि उठून आली.

शेवटी बोलली ती आजीची सून. आजीची टोपी दुसऱ्या कुणी घालायची नाही, हा घरचा कायदा. पण एका दुपारी आजी आडवी झालेली पाहून सुनेने मला उचललं आणि स्वतःच्या बोटात घातलं. मी तिला घळघळीत झाले. नेमकी तेव्हाच आजी दारात येऊन उभी राहिली. सून दचकली, पण तिने मला काढलं नाही.

"आई, ही मला सैल होते. आणि माझी बोटं तुमच्यापेक्षा जाड आहेत."

"तुझं सगळंच जाड आहे."

"असू दे. मग ही तुमच्याच बोटात का जात नाही?"

आजी खाली बसली आणि तिने दोन्ही हातांची मधली बोटं शेजारी शेजारी धरून पाहिली. मग म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात जाऊ. टोपी बरोबर घे."

तिथली डॉक्टर एक शांत बाई होती. तिने बोट चाचपलं, मग बगलेत हात घालून तपासलं. आजीने सुनेला ऐकवलं की दुखणं बोटात आहे आणि ही शोधतेय बगलेत, हिला नीट पत्ता सांग. डॉक्टरला ऐकू गेलं. असल्या गाठी कधी कधी बगलेपर्यंत पोचतात, एवढंच ती म्हणाली. मग मला हातात घेऊन विचारलं, कधीपासून अडते, कधी ठोकून घेतली, त्यानंतर परत कधी अडली. गाठ दुखत नाही आणि वाढत राहते, हेच तिला खटकत होतं.

आधी एका मोठ्या यंत्रात हाताचे फोटो काढले. मग गाठीत जाड सुई घालून बारीकसा तुकडा काढला. जन्मभर कापडाला टोचणारी आमची आजी, तिने त्या वेळी सुनेचा दंड असा आवळला की निळा पडला. तरी तोंड चालूच होतं, की सुई अशी धरतात होय?

त्या तुकड्यावर तपासणाऱ्यांचं एकमत होईना. असली गाठ फार क्वचित दिसते, म्हणून तुकडा परगावी, अशाच गाठी बघण्यात हयात गेलेल्या माणसांकडे पाठवला. तिथे त्याला नाना रंग लावून भिंगाखाली बघतात. तोवर आजी शेजारीपाजारी सांगत फिरली की माझ्या एका बोटासाठी दोन गावांचे डॉक्टर कामाला लागलेत. पण घरी तिची काजं वाकडी पडत होती आणि ती मुकाट्याने उसवत होती. बोटात शिरत नसल्याने मी सुईदोऱ्याच्या डबीत पडून होते, तिथून मला सगळं दिसत होतं.

निकाल आला. कॅन्सर होता. कातडीचा नाही, हाडाचा नाही, मधल्या मऊ भागाचा. डॉक्टर म्हणाली, असले कॅन्सर बहुतेक वेळा मांडीत, दंडात, पोटात होतात. बोटात झाला की घट्टाच वाटतो. आणि घाईने कुणी कापला नाही हे नशीब. नीट न ओळखता अर्धवट कापला असता तर आतला भाग तिथेच राहून आजूबाजूला पसरला असता.

"एवढं अंग पडलंय, आणि याला राहायला बोटच सापडलं," आजी म्हणाली. मग आवाज खाली आला. "बोट जाईल?"

"हो आजी. मधलं, मुळापासून."

"आणि हात?"

"आत्ता केलं तर हात राहील. फोटोत तरी गाठ पुढे गेलेली दिसत नाही. उशीर केलात तर मी असं सांगू शकणार नाही."

आजीने बोट उचलून एकदा सुनेला दाखवलं, जणू परवानगी तिचीच हवी होती. "घ्या मग. नऊ बोटांनीसुद्धा मशीनपेक्षा बरं काज करीन."

बोट गेलं, हात राहिला. आता मी शेजारच्या बोटात बसते. ते बारीक आणि मी रुंदावलेली, म्हणून आत चिंधी कोंबावी लागते. पहिली काजं माशाने आ वासावा तशी झाली आणि शिव्या मला बसल्या. दर काही महिन्यांनी आजीला हात, बगल आणि छाती तपासायला बोलावतात. आजपर्यंत सगळं साफ निघालंय.

तेव्हा मित्रांनो, या पितळेचं एक ऐका. टोपी, बूट, बांगडी अडायला लागली तर आधी तिला ठोकू नका, आधी स्वतःचं अंग बघा. गाठ दुखत नाही म्हणून तिचे लाड करू नका. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण कुठली तशी आणि कुठली नाही, हे तपासणारा सांगेल. तुम्ही, मी किंवा कुणाची मेलेली सासू नाही.

परवाच बँडमधला ढोलवाला कोट घेऊन आला. कॉलर घट्ट होतेय, सैल करून द्या म्हणाला. आजीने चष्मा लावून त्याची मान मागून पाहिली. तिथे लिंबाएवढी गाठ. आजीने कोट खुंटीला लावला आणि त्याला बजावलं की आधी मान दाखवून ये, तोवर कॉलरला सुई लागणार नाही. तो चरफडत गेला. काही दिवसांनी आला तो फुरंगटूनच.

"नुसती चरबी निघाली, आजी. उगाच हेलपाटा."

आजीने दोरा ओवला, मला बोटात चढवलं आणि खुंटीवरचा कोट काढला.

"बस. आता करते सैल."