सोळावा तास

"बाई, इथे खाली फक्त सही करा. उद्यापासून शूटिंग पुन्हा सुरू," निर्मात्याने कागद पुढे सरकवला.

बाईंनी चष्मा लावला. तीस वर्षं पडद्यावर सोशीक आया रंगवल्यावर त्या पहिल्यांदाच दिग्दर्शन करत होत्या. कागदात लिहिलं होतं, की लाइटमन कुणालाही न विचारता परांचीवर चढला आणि स्वतःच्या चुकीने पडून दगावला.

"हे धादांत खोटं आहे. कामाचा सोळावा तास होता. तो वरून म्हणाला, 'बाई, पाय थरथरतायत, जरा खाली येऊ का?' मीच म्हणाले, 'दादा, एवढा शॉट होऊ दे.'"

"अहो, हे बाहेर बोलाल तर पायावर धोंडा पाडून घ्याल! पिक्चर दुसऱ्याकडे देईन मी."

"द्या," बाई म्हणाल्या. सही न करताच त्यांनी कागद परत सरकवला.

चौकशीत त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःचं वाक्यही गाळलं नाही. बाहेर लाइटमनची बायको उभी होती.

"म्हणजे तुम्हीच वर थांबवलंत त्यांना?"

"हो."

ती पाठ फिरवून निघून गेली.

मग बाईंनी कंबर कसली. बारा तासांनंतर काम बंद आणि उंचीवर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा, एवढंच त्यांचं मागणं. सह्यांचे कागद घेऊन त्यांनी एकूण एक स्टुडिओ पालथा घातला. भूमिका मिळेनाशा झाल्या. बाईंचं डोकं फिरलंय, असं लोक म्हणू लागले. ज्याची त्या तीनदा आई झाल्या होत्या, त्या नायकाने त्यांना बघताच गाडीची काच वर केली. बाईंनी काचेवर टकटक केलं.

"अरे लेका, सगळ्या जगाला सह्या वाटतोस. आईला एक दे की!"

ड्रायव्हरला हसू आवरेना. नायकाने ओशाळून सही केली.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी स्टुडिओच्या फाटकाशी लाइटमनची बायको आली.

"अर्धे कागद माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही हं. पण उन्हात एकट्या किती उभ्या राहाल?"

चौथ्या वर्षी नियम झाला. त्याच महिन्यात तो रखडलेला चित्रपटही लागला. दिग्दर्शक म्हणून दुसऱ्याचंच नाव होतं. दोघी मिळून बघायला गेल्या.

चित्रपट संपला, दिवे लागले, माणसं उठून दाराकडे निघाली. बाईही उठल्या.

"थांबा," शेजारून आवाज आला.

पडद्यावर बारीक अक्षरांतली नावं वर सरकत होती. लाइटमनांच्या यादीत शेवटून दुसरं नाव आलं. तिने ते एकेक अक्षर लावत, हळू आवाजात पूर्ण वाचलं. झाडू घेऊन आत आलेला माणूस त्या दोघींना बघून दारातच थांबला.

नाव वर जाऊन दिसेनासं होईपर्यंत दोघी उभ्या होत्या.