चौथा पत्ता

माझ्या दुकानावरचा हॉल मी रजतला भाड्याने दिला, तेव्हा अर्ध्या आर्णी रोडने मला वेड्यात काढलं. दोऱ्याची रिळं, बटणं आणि अस्तर विकणाऱ्या भगवानरावाच्या डोक्यावर म्हणे जुगाराची शाळा निघाली. विचारायला येणाऱ्याला मी सरळ जिना चढवायचो. वर पैसा नाही, पैज नाही. नऊ पोरंपोरी गळ्यात टाय बांधून, पंख्याखाली घाम पुसत, एकमेकांना पत्ते वाटून राह्यली. गोव्याच्या तरंगत्या कॅसिनोत डीलर लागतात, म्हणजे टेबलामागे उभं राहून पत्ते वाटणारी माणसं. त्यांचं हे शिक्षण. पाहणारा खाली उतरताना हटकून विचारायचा, पगार किती असते हो?

रजत मूळचा कळंबचा. घरी कपाशी आणि तूर, पण हा अकरा वर्षं गोव्याला ब्लॅकजॅकचा डीलर होता. या खेळात एकवीसच्या जवळ जायचं, एकवीसवर गेलात की मेलात. डीलरला मात्र अक्कल चालवायची मुभा नाही. सतरा होईस्तोवर त्याने पत्ता ओढत राहायचं, मग बुडो की तरो. रजतचा हात असा की पत्ता टेबलावर पडला हे कानाला कळायचं नाही. सुताराकडून त्याने अर्धचंद्राकृती सागवानी टेबल करून घेतलं होतं, वर हिरवं कापड. ते टेबल तो रोज सकाळी स्वतः पुसायचा. घरचा ओटा त्याने कधी पुसला असेल, असं त्याच्या बायकोला आठवत नाही.

तो गोव्याला गेला तेव्हा बोटीच्या वरच्या मजल्यावर ब्लॅकजॅकची सहा टेबलं होती. परत आला तेव्हा एक उरलं होतं, तेही बाथरूमच्या वाटेवर. कारण विचारलं की तो म्हणायचा, लोकांची अक्कल कमी झाली. मला विचाराल तर लोकांची अक्कल वाढली. ब्लॅकजॅकमध्ये माणसाला स्वतः ठरवावं लागते, पत्ता घ्यायचा की थांबायचं. चुकीच्या वेळी घेतला की शेजारी बसलेला अनोळखी माणूस खेकसतो की तुमच्यामुळे सगळे बुडाले. पैसे देऊन शिव्या कोण खाईल? त्यात मालकांनी पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस लागल्यावरचं देणं कमी केलं, तर हिशेबी खेळणारेही उठले. बाकारा म्हणून दुसरा पत्त्यांचा खेळ असते, त्यात तसं काहीच नाही. दोनच बाजू असतात, प्लेअर आणि बँकर. एकीवर पैसे ठेवायचे नि हात बांधून बसायचं. पुढचं सगळं नियमाने होते. जिंकलात तर तुमची नजर तेज, हरलात तर नशीब खोटं. अंदर बाहर हा खेळ तर त्याहून सोपा. मग गर्दी तिकडे वळली आणि बोटीवाल्यांनी रजतला सांगितलं, बाकारा शिकून घे. शिकवणारा कोण, तर रजतनेच ज्याला पत्ते धरायला शिकवलं होतं असा एक पोरगा. रजतने त्याच आठवड्यात बॅग भरली.

हे मला त्याने नाही सांगितलं. त्याची बायको समीक्षा अस्तर घ्यायला आली तेव्हा सांगून गेली. तो सगळ्यांना सांगायचा की पाठ दुखते.

एप्रिलच्या शेवटी पुष्पा आली. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची, उत्तमसिंगाची मुलगी, रजतच्या पहिल्या तुकडीतली. दोन वर्षांपासून त्याच बोटीवर होती. भावाच्या लग्नासाठी रजेवर आली होती, तर आधी सरांच्या पाया पडायला आली. सोबत काजूचा डबा. रजतने डबा फोडून सगळ्या पोरांना वाटला आणि ही माझी विद्यार्थिनी म्हणून तिची ओळख अशी करून दिली, जशी लोक स्वतःच्या विहिरीला लागलेल्या पाण्याची करून देतात.

पोरांनी विचारलं, ताई, तिकडे तुम्ही कोणतं टेबल पाहता? ती म्हणाली, बाकारा. दाखवा म्हणाले. तिने दोन बाक जोडले, खडूने रेघा मारल्या आणि वाटायला लागली. पहिल्या दिवशी तिघं तिच्याभोवती होते, दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन वर गेलो तर सागवानी टेबलापाशी रजत आणि सलोनी असे दोघंच. खडूच्या रेघांभोवती हशा चालला होता. रजत हिरव्या कापडावरचा नसलेला कचरा बोटाने उचलून राह्यला होता.

त्या संध्याकाळी समीक्षाने दुकानात माझ्यासमोरच त्याला सुनावलं. "तुमचं तोंड पाहून वाटते, पुष्पा म्हणजे तुमची सवतच हाय. नवऱ्याने दुसरी आणली असती तर मी बी एवढी जळली नसती."

तो म्हणाला, त्याची पाठ दुखते.

दुसऱ्या दिवशी त्याने पुष्पाला मोठ्या मायेने सांगितलं की लग्नाचं घर आहे, तुझ्या आईला, याडीला, एकटीला कामं उरकत नसतील, तू जा. पुष्पा काही कच्ची नाही. तिने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, बाकांवरचा खडू ओल्या फडक्याने पुसला आणि गेली.

त्यानंतर दोनच दिवसांनी गोव्याहून फोन आला. तेव्हा रजत माझ्या दुकानात स्टुलावर बसला होता, आणि फोन त्याला नेहमी मोठ्या आवाजातच लागतो. बोटीवरचे भरतीचे साहेब बुधवारी परीक्षा घ्यायला येणार होते. जागा दहा, सगळ्या बाकारा आणि अंदर बाहरच्या. ब्लॅकजॅकचं उरलेलं टेबलही पावसाळ्याआधी उचलणार. साहेबांनी विचारलं, पोरांची बाकाऱ्याची तयारी आहे ना? रजत म्हणाला, हो साहेब, आहे. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ रस्त्यावरच्या ऑटो पाहत बसला. मी रिळं रंगवार लावत बसलो. मला वाटलं, आता वर जाऊन सांगेल.

तो वर गेला आणि त्याने सांगितलं की परीक्षा बुधवारी, ब्लॅकजॅकची, नेहमीसारखी.

सलोनी तेवढ्यावर थांबली नाही. ही कळंबचीच, बी.कॉम. झालेली, फार न बोलणारी. बोट नवीन माणूस सत्तावीस वर्षांच्या आत घेते, आणि जुलैत तिला सत्तावीस पूर्ण होत होती. पुढची भरती दिवाळीनंतर. म्हणजे तिच्यासाठी हीच एक परीक्षा होती, दुसरी नव्हतीच. म्हणून तिने जिन्यात रजतला गाठून विचारलं, "सर, बाकारा विचारतीन का हो? तसं असलं तर मी शिकून घेतो."

"नाही विचारत," रजत म्हणाला. "माह्यावर भरोसा हाय ना?"

ती हाय म्हणाली. मी खाली बसून हे ऐकलं आणि तोंड उघडलं नाही. भाडेकरूच्या धंद्यात बोलू नये, असं मी स्वतःला समजावलं.

बाकीचे आठ जण एवढे भोळे नव्हते. त्यांनी परस्पर पुष्पाला फोन लावला, तिने बोटीवर विचारलं आणि खरं काय ते कळलं. शनिवारी आणि रविवारी चार मोटरसायकली तांड्यावर गेल्या. सरांना सांगितलं, मित्राचं लग्न आहे. सलोनीला त्यांनी चल म्हटलं होतं. ती म्हणाली, सर नाही म्हणाले ना, मग कायले?

बुधवारी साहेब आले. मी चहाच्या निमित्ताने वरच थांबलो. स्वच्छ माणूस, कमी बोलणारा, उन्हाने बेजार झालेला. त्यांनी सागवानी टेबलावरून हात फिरवला, छान म्हणाले आणि बाक जोडायला सांगितले. रजतचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. त्याला वाटलं, आता सगळेच नापास होतील आणि पाप सगळ्यांत सारखं वाटलं जाईल. पण पहिला पोरगा उभा राहिला आणि त्याने बाकारा असा वाटला जसा घरचा खेळ. दुसरा तसाच, तिसरीही तशीच. आठही जण झाले. रजतला कळलं की हे कुठे शिकले, आणि हेही कळलं की शिकल्याचं त्याच्यापासून लपवलं. त्याच्या मानेवर लाली चढत गेली. आठ जणांना नोकरी लागत होती आणि हा माणूस त्यांच्याकडे असा पाहत होता जसे ते त्याच्या शेतातून कापूस वेचून चालले.

मग सलोनीची पाळी आली.

खडूभोवतीच्या गर्दीतून येता-जाता तिने थोडंफार पाहिलं होतं. तेवढ्यावर तिने सुरुवात चांगली केली. प्लेअरला चार आणि तीन, म्हणजे सात. तिथे थांबायचं असते, ती थांबली. बँकरला सत्ता आणि छक्का. बाकाऱ्यात बेरजेतले दहा सोडून द्यायचे, तेरा म्हणजे तीनच. तिने तिसरा पत्ता ओढला, दुरी. झाले पाच, सातासमोर बँकर हरला, खेळ संपला. या खेळात चौथा पत्ता कधीच नसतो. पण तिच्या हाताला पाच दिसलेच नाहीत. हाताला दिसले पंधरा, आणि पंधरावर डीलरने थांबायचं नाही हे रजतने सहा आठवडे तिच्या हाडात भरलं होतं. हात गेला आणि चौथा पत्ता उलटून टेबलावर ठेवला, सफाईने, आवाज न करता.

आठही जणांनी खाली पाहिलं. साहेबांनी पेन बंद केलं. हात चांगला आहे, म्हणाले, पण खेळच येत नाही. हिला कोणी सांगितलं नव्हतं का?

सलोनीने रजतकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर कदाचित तो तरून गेला असता, काहीतरी बोलून. ती म्हणाली, माझंच लक्ष नव्हतं सर.

"तिचं काही नाही चुकलं," रजत म्हणाला. "मले माहीत होतं. मी सांगतलं नाही."

साहेबांनी का म्हणून विचारलं नाही. असले लोक त्यांनी पाहिले असतील. उद्या अकराला नागपूरसाठी निघणार, तोवर इथेच आहे, एवढं सांगितलं.

रजत माझ्या मागोमाग जिना उतरला आणि म्हणाला, काका, गाडी काढा. माझी व्हॅन जुनी, तिला फुलसावंगीपर्यंत पावणेतीन तास लागले. सलोनी मागे बसली होती. तिने त्याला माफ केलं असं मला तरी कुठे दिसलं नाही.

तांड्यावर मांडव पडला होता. उत्तमसिंगाने आव, बेस म्हणत खाट पुढे केली. पुष्पा हळदीच्या हाताने बाहेर आली, तिघांकडे पाहून समजली आणि हात धुऊन आली. टोमणा मारायची एवढी आयती संधी मी तरी सोडली नसती. तिने फक्त मांडवातला जेवणाचा पाट ओढला आणि म्हणाली, "सर, तुमी पलीकडून बसा. पत्ते कोणाले तरी वाटा लागतीन ना."

आणि रजत बसला, गिऱ्हाइकाच्या बाजूला.

पुष्पाने सलोनीला सांगितलं की हात बदलू नको, तो सरांनी दिलेला आहे. फक्त दहा दिसले की टाकून दे, भाजी निवडताना देठ टाकते तसे. तिसऱ्यानंतर पत्ता उचलावासा वाटला तर हात छातीला लाव. चुकलीस तर पुन्हा कर, घाई नको, टेबल आपलं आहे. हे शेवटचं वाक्य रजतचं. वर्गात तो दिवसातून दहादा म्हणायचा, आणि पोरं मागून नक्कल करायची. पुष्पाच्या तोंडी ते शहाणपणाचं वाटलं. माझं लक्ष रजतकडे होतं. आपला सदरा दुसऱ्याच्या अंगावर आपल्यापेक्षा बरा दिसतो, हे पाहणाऱ्या माणसासारखा तो ओठ दाबून बसला होता. तासाभरात सलोनीचा हात थांबायला लागला. शेवटच्या पन्नास डावांत एकदाही चुकली नाही. मग उत्तमसिंगाने जेवल्याशिवाय सोडलं नाही. ऊन उतरताना आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी दहाला साहेबांनी तिला पुन्हा उभी केली. चार डाव वाटून घेतले आणि फॉर्म पुढे सरकवला. ती भरत गेली. नाव, गाव, जन्मतारीख. एका ओळीवर पेन थांबलं. प्रशिक्षकाचं नाव. तिने पहिल्यांदा मान वर करून रजतकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात विनंती नव्हती, चौकशी होती.

रजतने खिडकीबाहेर पाहिलं. 

"पुष्पाचं लिही," तो म्हणाला. "पुष्पा उत्तमसिंग राठोड, पुरं लिही."

ती लिहायला लागली. तो दोन पावलं दाराकडे गेला, थांबला, आणि परत आला.

"जागा उरली तर खाली माह्यं बी लिहून टाक. बारीक अक्षरात."