स्वातंत्र्य दिलेलं आहे

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळेच ताई म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले मुख्य संपादकसुद्धा. तर या ताईंचं घोडं गेले पंधरा दिवस 'स्वातंत्र्य' या शब्दापाशी अडलं होतं. मूळ शोधायला त्रास पडला नाही. तंत्र म्हणजे आधी माग, मागावर ताणलेले धागे. पुढे व्यवस्था, सत्ता. आपलं कापड आपण विणावं, इतका सरळ शब्द.

अडलं होतं ते उदाहरणाच्या वाक्यावर. वाक्य मनाने रचायचं नाही, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलंच घ्यायचं, हा या कोशाचा कडक नियम. ताई कान टवकारून फिरल्या. खानावळवाला म्हणाला, "बायकोला पूर्ण स्वातंत्र्य दिलंय आपण. फक्त विचारून जायचं." शेजारीण म्हणाली, "सुनेला आम्ही स्वातंत्र्य देतो हो." जो तो ते दुसऱ्याला वाटायलाच बसला होता, जसं काही कोठारच भरलेलं होतं घरी.

"साहेब, हा अर्थच उलटा आहे," ताई संपादकांना म्हणाल्या.

"लोक बोलतात ते छापा. कामात मी तुम्हाला स्वातंत्र्य दिलेलंच आहे," संपादक म्हणाले.

पालथ्या घड्यावर पाणी. ताई चरफडत जागेवर येऊन बसल्या.

खरं तर संताप एकट्या संपादकांवरचा नव्हता. कचेरीमागच्या गल्लीत एक खोली रिकामी होती आणि घरमालकीण होकारासाठी संध्याकाळपर्यंतच थांबणार होती. ताई पन्नाशीला आल्या तरी दादाच्या घरी बैठकीत झोपत. दादा जांभई देई तेव्हा दिवा मालवायचा, मग पुस्तक कुठेही आलेलं असो. खोलीचा विषय काढला की दादा हसे. "अगं, तुला इथे कसली आडकाठी आहे?" आणि विषय तिथेच मिटे. आज मात्र त्यांनी आधी घरमालकिणीला होकार कळवला, आगाऊ भाडं देऊन दोन किल्ल्या घेतल्या आणि मग घर गाठलं.

"दादा, मी खोली घेतली. उद्या जातेय."

वहिनीच्या हातातली इस्त्री थांबली. ताई भांडायच्या तयारीनेच आल्या होत्या, वाटभर उत्तरं घोकत. दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"जा," तो म्हणाला. "माझी परवानगी आहे."

वहिनीने डोळ्यांना पदर लावला. "असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

"मी विचारलं नाही, दादा. सांगितलं."

"तेच ते. खोलीची एक किल्ली तेवढी इथे ठेवून जा."

पर्समधल्या दोन्ही किल्ल्या ताईंनी मुठीत घट्ट धरल्या.

"एकच आहे," त्या म्हणाल्या. स्वतःच्या खोलीसाठीही खोटं बोलावं लागलं, याचा त्यांना मनस्वी राग आला.