भज्यांसोबत गेलेलं पान

मी एक जुनं पुस्तक आहे. बारावीच्या वाणिज्य शाखेचं, व्यवस्थापन शिकवणारं. मित्रांनो, माझं मुखपृष्ठ कधीच गळून पडलं, त्यामुळे कुणी मला रद्दी समजलं तर मी रागावत नाही. वाईट मात्र वाटतं.

कोरा होतो तेव्हा माझी स्वप्नं मोठी होती. पोटात उंच कार्यालयं होती, संचालक होते, सभा होत्या. आपण एखाद्या काचेच्या टेबलावर ऐटीत पडून राहू, असं वाटायचं. प्रत्यक्षात तिसऱ्या हाती गेलो तो मांजरसुंब्याच्या ढाब्यावर, कांद्याच्या पोत्यांशेजारी.

ढाबा वैजिनाथआप्पांचा. त्यांची लेक रुद्राणी बीडच्या कॉलेजात शिकायची. दुपारी गिऱ्हाईक विरळ झालं की ती मला मांडीवर घ्यायची. बाहेर गाड्यांची घरघर, आत फोडणीचा वास. मला गुंगी यायची. माझ्यातले संचालक टोप्या घालून बाजेवर बसलेत आणि पिठल्यात मिरची किती घालावी यावर सभा चालली आहे, असं दिसायचं. खरं सांगतो, तेव्हा मी सुखात होतो.

आप्पांनी मात्र लेकीला बजावलं होतं, "तोंडी परीक्षेत पास झालीस तरच पुढं बीकॉम. न्हाई तर ढाब्यावरच बसायचं." आणि रुद्राणीची तर चार माणसांत जीभच उचलायची नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एसटी थांबली आणि एकच धांदल उडाली. मी भट्टीजवळ रद्दीशेजारी पडलो होतो.

"नवनाथ, भजी बांध रं, गाडी सुटायली!" आप्पा आचाऱ्यावर ओरडले.

"आदी चहा दे त्यास्नी," रुद्राणीची आई नीलाबाई म्हणाल्या.

"कागद समोरच हाय की, घे!" पुन्हा आप्पा.

गडबडलेल्या नवनाथानं समोरचा कागद ओढला. तो मी होतो. माझं एक पान भज्यांसोबत एसटीत बसून निघून गेलं.

रुद्राणी ढसाढसा रडली. "ताई, कव्हर न्हाई, नाव न्हाई, मला काय ठावं?" एवढंच नवनाथ बोलला. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं विचारलं, "आदेशाची एकवाक्यता म्हणजे काय?" ते गेलेल्याच पानावर होतं! मी मिटून रुद्राणीच्या मांडीवर होतो. जे पान नाही ते मी तरी कुठून सांगणार?

माझ्या फाटक्या कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली, "सर, आमच्या ढाब्यावर आप्पा म्हणतात भजी बांध, आई म्हणती चहा दे. दोघांचं ऐकता ऐकता नवनाथकाकांनी माझं पुस्तक फाडलं. चूक काकांची न्हाई, सर. हुकूम एकानंच द्यायला पायजे होता."

सर हसले. "हे पाठ केलेलं न्हाई," म्हणाले, आणि तिला पास केलं.

तिनं ते पान स्वतःच्या अक्षरात लिहून मला चिकटवलं, उदाहरणात नवनाथचं नाव घालून. आता ती बीकॉमला आहे. मी यंदा बारावीला असलेल्या चकलांब्याच्या यशोधराकडे असतो आणि तीही ते उदाहरण मोठ्यानं वाचते.

मित्रांनो, पुस्तकांना कव्हर घाला, त्यांवर नाव लिहा. आणि तरीही कुणाच्या हातून पान फाटलंच, तर रागावण्याआधी एवढं विचारा, त्या वेळी त्याला कोण कोण हाका मारत होतं?